कामाला हात घालण्यापूर्वी



पैठणच्या धरणाला आपण सगळे जायकवाडी म्हणतो. पण पैठणच्या आसपास जायकवाडी नावाचे गाव शोधायला निघालात तर ते सापडणार नाही. ते आहे बीड जिल्ह्यात, पैठणपासून बरेच खाली. हैदराबाद राज्याच्या काळात गोदावरीवर धरण बांधण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा ते त्या जायकवाडीजवळ बांधायचे घाटत होते. पुढे १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि जागांची पुन्हा पारख झाली. धरण जितके वर, तितकी कालव्याच्या उताराखाली जमीन अधिक येते, असे दिसून आले. मग धरण सुमारे शंभर किलोमीटर वर, पैठणला आले. जागा बदलली, नाव मात्र जुनेच चिकटून राहिले. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते पायाभरणी झाली, आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांच्या हस्ते उद्घाटन झाले.

एक ठरत आलेली गोष्ट पुन्हा तपासली गेली आणि तपासणीनंतर बदलली, एवढ्यासाठी ही हकीकत सांगितली. काम अंगावर घेण्यापूर्वी ते झेपेल काय, पुरेल काय, टिकेल काय, हे पाहण्याला इंजिनियर आणि बँकेची माणसे व्यवहार्यता पाहणी म्हणतात. शब्द जड आहे. आपण अदमास घेणे म्हणतो. फरक इतकाच की अदमास मनातल्या मनात राहतो आणि पाहणीला आकडा लागतो. आणि ज्या पाहणीतून 'नको' असे उत्तर निघूच शकत नाही, ती पाहणी नव्हे. होकार आधी ठरवून मग कागद जमवणारे पुष्कळ असतात. कर्जाच्या अर्जाला जोडायचा अहवाल तयार करून देणारेही असतात. तो अहवाल बँकेचे समाधान करतो. पण विहिरीला काही तो वाचता येत नाही.

आता आपल्या पाचोडकडे येऊ. पाचोड म्हटले की बाहेरच्या व्यापाऱ्याला मोसंबी आठवते. आपल्या पैठण तालुक्यात आणि शेजारच्या जालना जिल्ह्यात मोसंबीने कित्येक घरे उभी केली, मुलांची शिक्षणे केली, मुलींची लग्ने केली. आणि २०१२ च्या दुष्काळात ह्याच भागात बागा वाळल्या. लोकांनी टँकर विकत घेऊन झाडे जगवण्याचा प्रयत्न केला. काहींची जगली. पुष्कळांनी शेवटी झाडांना कुऱ्हाड लावली आणि बागेचे सरपण झाले. ज्यांच्या बागा गेल्या ते काही आळशी नव्हते, अडाणी तर नव्हतेच. त्यांनी खर्चाचा हिशेब केला होता, उत्पन्नाचाही केला होता. पाण्याचा हिशेबही केला होता, पण तो चांगल्या सालाचा.

इथे धरणाच्या इंजिनियरांचा एक शब्द आपल्या कामाला येतो. तो म्हणजे ७५ टक्के विश्वासार्हता. त्याचा अर्थ सोपा आहे. वीस वर्षांच्या पावसाचे आकडे घ्या. सर्वांत मोठा आकडा वर, त्याखाली त्याहून लहान, असे उतरत्या क्रमाने मांडा. वरून पंधरावा आकडा पाहा. तेवढा किंवा त्याहून जास्त पाऊस वीस वर्षांपैकी पंधरा वर्षे पडला, म्हणजे चारांतली तीन वर्षे. पाटबंधाऱ्याच्या योजना सामान्यतः ह्याच हिशेबावर आखतात. चौथ्या वर्षी पाणी कमी पडणार, हे त्यात गृहीतच असते.

जायकवाडीच्या प्रकल्पाच्या वेळी पैठणपर्यंतच्या खोऱ्यात ह्या विश्वासार्हतेने सुमारे १९६ अब्ज घनफूट पाणी आहे, असे धरले होते. त्यातले सुमारे ११५ अब्ज घनफूट वरच्या नाशिक आणि नगर जिल्ह्यांनी वापरायचे आणि उरलेले खाली पैठणला यायचे. पुढे २००४ च्या सुमारास फेरतपासणी झाली, तेव्हा तोच आकडा सुमारे १५६ अब्ज घनफूट निघाला. म्हणजे चाळीस अब्ज घनफुटांचा फरक. जायकवाडीचा उपयुक्त साठा आहे सुमारे ७७ अब्ज घनफूट. त्याच्या निम्म्याहून अधिक पाणी कागदावर होते आणि नदीत नव्हते. वरच्या अंगाला धरणे तर उभी राहत गेलीच. मग भांडण होणार नाही तर काय होणार? २००५ साली कायदा झाला, खोऱ्यात समन्यायी वाटप व्हावे असे त्यात आले. २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने आदेश दिला. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी खाली सोडावे, असे त्यात ठरले. नाशिक-नगरचे शेतकरी आणि मराठवाड्याचे शेतकरी ह्यावरून न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. दोघांनाही आपले पाणी खरेच वाटत होते, कारण दोघांच्याही बागा त्या पाण्याच्या भरवशावर लावलेल्या होत्या.

हे काही आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीचे पाणी सात राज्यांनी १९२२ साली वाटून घेतले. ज्या वर्षांच्या नोंदींवर वाटप केले, ती वर्षे नेमकी जास्त पावसाची होती. नदीत नेहमी वाहते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले. शंभर वर्षे होऊन गेली, ते त्या वाटपाचा गुंता सोडवीतच आहेत.

धरण राहू द्या. आपण आपल्या बांधावर येऊ, कारण मला जे सांगायचे आहे ते तिथे आहे. चारांतली तीन वर्षे पाणी पुरेल, हा हिशेब हंगामी पिकाला चालतो. बाजरी गेली, कापूस गेला, तर ते साल गेले. दुःख मोठे असते, पण पुढच्या मृगात पेरणी करता येते. मोसंबीचे तसे नाही, बरं का. झाड लावल्यापासून चार-पाच वर्षे नुसते पोसायचे. मग फळ सुरू होते आणि नीट निगा राखली तर पुढे पंधरा-वीस वर्षे उत्पन्न मिळते. ह्या वीस वर्षांत चारांतले एक ह्या हिशेबाने पाच वर्षे तुटीची येणार. ती अंतराअंतराने येतील असे कोणी लिहून दिलेले नाही. मराठवाड्यात २०१२ साल वाईट गेले, २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ वाईट गेली, आणि २०१८ पुन्हा तसेच. समजा, एखाद्याने २००८ साली कलमे लावली. फळ हाताशी यायला आणि पहिला दुष्काळ यायला एकच गाठ पडली. त्या एका उन्हाळ्यात झाड मेले की मागची चार वर्षे गेली आणि पुढची पंधराही गेली. म्हणून बागेसाठी 'चारांतली तीन वर्षे पुरेल का' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'सर्वांत वाईट उन्हाळ्यात झाड जिवंत राहील एवढे तरी पाणी आहे का', असे विचारायला हवे. त्या वर्षी फळ आले नाही तरी चालेल.

आणि हे मोजता येते. त्याला फार शिक्षणही लागत नाही.

मोसंबी वीस बाय वीस फुटांवर लावली तर एकरात सुमारे १०८ झाडे बसतात. पूर्ण वाढलेल्या झाडाला ऐन उन्हाळ्यात ठिबकने दिवसाला शंभर लिटर धरू. जमीन, झाडाचे वय आणि ऊन ह्यांप्रमाणे हा आकडा कमीजास्त होतो. कृषी सहायकाला विचारून आपापला आकडा घ्यावा. शंभराने धरले तर एकराला रोज १०,८०० लिटर झाले. मार्च ते जून असे शंभर दिवस धरले तर जवळजवळ अकरा लाख लिटर. दहा हजार लिटरचा टँकर म्हणजे एका एकराची एका दिवसाची तहानही पुरती भागवत नाही, हे लक्षात घ्या. टँकरच्या भरवशावर बाग का जगत नाही, ते ह्या एका गुणाकारात दिसते.

आता विहीर. आपली विहीर वीस फूट व्यासाची आहे असे समजा. तिच्यात एक फूट उंचीचे पाणी म्हणजे ३१४ घनफूट, म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात संध्याकाळी मोटार बंद करा. दोरीला दगड बांधून पाण्याची पातळी पाहा आणि दोरीला गाठ मारा. सकाळी मोटार सुरू करण्यापूर्वी पुन्हा पाहा. रात्रीत पाणी फूटभर चढले असेल, तर ती विहीर एका एकराच्या बागेलाही पुरत नाही. दोन फूट चढले तर दीड एकर, आणि घरचे व जनावरांचे पाणी वजा जाता त्याहून कमी. सतत आठ दिवस मोजा, एका रात्रीवर जाऊ नका. दिवाळीत मात्र मोजू नका. दिवाळीत विहीर काठोकाठ असते, आणि बागेचा बेत माणूस नेमका तेव्हाच करतो. आपल्या काळ्या पाषाणाच्या मुलखात पाणी फार खोल साठत नाही. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत जे मुरते तेच झऱ्यांनी विहिरीत येते, आणि पावसाळ्यानंतर ते झपाट्याने उतरत जाते.

दुसरी गोष्ट शेजाऱ्याची. ती पाहणीच्या कागदात सहसा येत नाही. तुमच्या विहिरीचा झरा बांध ओळखत नाही. यंदा तुमची एकटी बाग आहे, पाणी पुरते. ते पाहून शेजारचे चौघे बाग लावतात, दोघे बोअर घेतात. पाचही जणांनी आपापली विहीर मोजली होती आणि पाचही जणांचे मोजमाप बरोबर होते. पण पाचांनी एकच पाणी पाच वेळा मोजले. पैठणच्या धरणाचे जे मोठ्या मापाने झाले, तेच हे लहान मापाने. शेततळ्याचेही तसेच. पावसाळ्यात ओढ्याने वाहून जाणारे पाणी शेततळ्यात धरले तर ती खरी भर आहे. पण विहिरीचे पाणी उपसून प्लॅस्टिकच्या कागदावर साठवले, तर पाण्यात थेंबाचीही वाढ होत नाही. उलट उन्हाने काही उडून जाते. त्याचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. ते पाणी हाताशी राहते, ऐन मे महिन्यात धीर देते. मात्र पाहणी करताना विहिरीच्या खात्यातून काढून तळ्याच्या खात्यात टाकलेले पाणी दोन्हीकडे जमा धरू नये.

जमिनीबद्दल थोडक्यात. मोसंबीला पाण्याचा चांगला निचरा होणारी, मध्यम खोलीची जमीन लागते. भारी काळ्या चोपण जमिनीत पाणी साचले की मुळे कुजतात, खोडातून डिंक गळतो. तीन फूट खड्डा घ्यावा. वरच्या, मधल्या आणि खालच्या थराची माती वेगवेगळी घेऊन तपासणीला द्यावी, चुनखडीचे प्रमाण मुद्दाम विचारावे. वरची वीतभर माती बघून कलमे आणणे म्हणजे दाराची चौकट बघून घर विकत घेण्यासारखे आहे.

बहाराचा निर्णयही ह्या पाहणीत यावा. आंबिया बहाराचे फळ उन्हाळाभर झाडावर पोसायचे असते, म्हणजे सर्वांत जास्त पाणी सर्वांत टंचाईच्या दिवसांत लागते. मृग बहार पावसाबरोबर फुटतो, उन्हाळ्याचा ताण सोसतो. पण जूनचा पाऊस वेळेवर पडायला हवा. ज्याची विहीर मे महिन्यात फूटभरच चढते त्याने आंबियाचा हट्ट धरू नये, असे माझे मत आहे.

आता एक वेगळा प्रश्न घेऊ. तो तरुण मंडळी नेहमी विचारतात. महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या वाट्याला दरवर्षी येतो. "सर, आपल्याकडे एवढी मोसंबी पिकते आणि भाव पडला की रस्त्यावर ओतावी लागते. मग रसाचा कारखाना का काढू नये?" प्रश्न चांगला आहे आणि तो विचारणाऱ्याची तळमळ खरी आहे. पण ह्याचीही विहीर मे महिन्यातच मोजायला हवी.

पहिली अडचण खुद्द फळाची. मोसंबीचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. फळातच असे एक द्रव्य आहे की रस काढल्यानंतर त्याचा कडूपणा उतरू लागतो, आणि रस तापवला की तो वाढतो. गाड्यावर उभे राहून आपण पेला लगेच रिकामा करतो म्हणून हे कळत नाही. कडूपणा काढण्याच्या रीती आहेत, पण त्यांना यंत्र आणि पैसा लागतो. दुसरी अडचण दिवसांची. फळ वर्षातले काही महिनेच येते आणि कर्जाचे व्याज बाराही महिने चालते. उरलेल्या दिवसांत त्याच यंत्रावर पेरू, डाळिंब, चिंच असे काय चालेल, ते आधीच ठरायला हवे. तिसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. कारखाना पडत्या भावाच्या मोसंबीवर बेतलेला असतो. ज्या वर्षी भाव तेजीत असेल त्या वर्षी बागवान आपला माल दिल्लीच्या गाडीत भरेल की कारखान्याला घालेल? तो गाडीतच भरेल आणि त्याने तसेच करावे. मग त्या वर्षी कारखान्याने काय चालवायचे? ह्या तीन प्रश्नांना आकड्यांत उत्तर देता आले तर जरूर कारखाना काढावा. ज्याला येत नसेल त्याने आधी लहान प्रमाणावर एक हंगाम करून पाहावा. फळांची प्रतवारी करून खोक्यांत भरून पाठवणे, हा कारखान्याहून लहान उद्योग आहे. पण त्यात अंदाज चुकला तर घर विकावे लागत नाही.

पाहणी चांगली झाली तर काय होते, त्याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. जालना जिल्ह्यातल्या कडवंचीत १९९६ च्या सुमारास इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमातून काम सुरू झाले, खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राने ते चालवले. ह्या कार्यक्रमाची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. बांध कुठे घालायचा, चर कुठे खणायचा, हे कचेरीतल्या नकाशावर ठरवत नसत. गटागटात जाऊन, त्या शेताच्या मालकाला तिथेच उभे करून, उतार, माती, पाण्याची वाट पाहून त्या गटापुरता आराखडा करीत. शिवाय गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, मग पैसा. वरवर पाहता ही अट शिस्तीची वाटते; खरे तर तीही एक पाहणीच होती. माणसे एकत्र येतील काय, हे कुठल्याही मातीच्या नमुन्यातून कळत नाही. कडवंचीत पुढे द्राक्षबागा उभ्या राहिल्या, शेततळी झाली, आणि २०१२ च्या दुष्काळातही तिथल्या बागा तग धरून राहिल्या. तिथे जाऊन नुसती शेततळी मोजून येणारे पुष्कळ आहेत. शेततळ्यांच्या आधीची बांधबंदिस्तीची वर्षे मोजायला हवीत.

शिक्षक बंधूंना आणि भगिनींना मला एक विनंती करायची आहे. गावात वीस वर्षांचा कागद कुणाकडे असेल तर तो शाळेकडे असू शकतो. पाचोड हे महसूल मंडळ आहे, तिथल्या पावसाची नोंद होते. ते आकडे मागून घ्यावेत आणि सातवी-आठवीच्या मुलांकडून उतरत्या क्रमाने मांडून पंधरावा आकडा काढून घ्यावा. वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवताना पुस्तकातले वर्तुळ बाजूला ठेवून गावातल्या विहिरीचे घ्यावे. दर महिन्याच्या एक तारखेला मोठ्यांना बरोबर घेऊन चार ठरलेल्या विहिरींची पातळी दोरीने मोजावी आणि शाळेच्या फळ्यावर लिहावी. विहिरीच्या काठावर मुलांना एकटे पाठवू नये, हे सांगायला नकोच. पाच वर्षे ही नोंद राहिली तर एखादा बाप कलमांची गाडी आणण्यापूर्वी पोराला विचारेल, "का रे, आपल्या शिवारातल्या विहिरी मे महिन्यात कुठवर उतरतात?" आणि पोराजवळ उत्तर असेल.

एक शंका मला नेहमी ऐकू येते. इतके मोजत बसलो तर काही सुरूच होणार नाही, आमच्या आज्याने कुठे मोजले होते? आज्याने मोजले नव्हते हे खरे. पण आज्याची मोट होती. मोटेने दिवसभर उपसले तरी विहीर तळाला जात नसे आणि तेवढ्या पाण्यात तो जेवढे जमेल तेवढेच लावी. मोटच त्याची मर्यादा सांभाळत होती. विजेची मोटार आणि पाचशे फुटांची बोअर आल्यापासून ती मर्यादा उरली नाही.

ह्या सगळ्या पाहणीला खर्च किती? माती तपासणीची थोडी फी, एक दोरी, एक वही आणि मे महिन्यातल्या आठ रात्री. ज्यांना पुढच्या पावसाळ्यात कलमे लावायची आहेत, त्यांनी खड्डे घेण्यापूर्वी हे आटोपावे. आकडा कमी आला तर दोन एकरांऐवजी पाऊण एकर लावावी आणि उरलेल्या रानात तूर, बाजरी घ्यावी. तेवढ्या बागेला सर्वांत वाईट उन्हाळ्यात रोज आठ हजार लिटर लागतील, आणि तेवढे पाणी आपल्या विहिरीत रात्रीतून चढते की नाही, हे तुमच्या वहीत लिहिलेले असेल.